चीक

आषाढीच्या आदल्या दिवशी दुपारी कच्ची केळी सोलायला बसलो. जळगावात गल्लोगल्ली वेफर्स तळून मिळतात, पण उपासाचे वेफर्स घरचेच हवेत, हा माझा हट्ट. बायको म्हणाली, हाताला तेल लावा आणि आधी तो शर्ट बदला. तेल लावलं. शर्टाचं राहिलं. टीव्हीवर वाखरीला पालख्या जमत होत्या आणि त्या गर्दीत आमच्या मुक्ताईची पालखी दिसते का, म्हणून मी मान लांब करून बघत होतो. तेवढ्यात देठाचा एक थेंब खिशाखाली पडला. अगदी पाण्यासारखा. मी पुसलासुद्धा नाही.

संध्याकाळी तिथे विडीचा चटका बसावा तसा तपकिरी डाग.

केळीच्या चिकाचं हे असंच. लागतो तेव्हा दिसत नाही, वाळला की जन्माचा होतो. लिंबू झालं, रॉकेल हल्ली मिळत नाही म्हणून पेट्रोल झालं, जाहिरातीतली निळी पूडही झाली. त्या जाहिरातीतली माणसं कायम चहाचे नाहीतर लोणच्याचेच डाग घेऊन येतात. एकदा रावेर-यावलकडचा एखादा बनियन द्या म्हणावं त्यांच्या हातात.

आमच्या आप्पांचे सगळे बनियन तसलेच होते. आप्पा म्हणजे आजोबा. सावद्याजवळचं गाव, केळीची बाग, आणि जन्मतारीख नाही. ‘फैजपूरले काँग्रेस भरली तव्हा मी बैलं पाजत होतो,’ एवढाच दाखला. काँग्रेस भरली १९३६च्या डिसेंबरात. त्यावरून आम्ही नातवंडं त्यांचं वय काढायचो आणि प्रत्येकाचं उत्तर निराळं यायचं.

कापलेला घड खांद्यावर घेतला की दांड्यातून चीक ठिबकतो. तो मानेवरून पाठीवर ओघळत जायचा. वर्षानुवर्षं तेच, त्यामुळे बनियनच्या पाठीवर उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत नद्याच नद्या. रात्री आप्पा ओट्यावर पाठमोरे बसले की मी त्यांवरून बोट फिरवायचो. ही तापी, ही पूर्णा. दोन ओघळ जिथे मिळायचे तिथे बोट आलं, की आप्पा मागे न बघता म्हणायचे, ‘थांब, चांगदेव आलं. पाया पड.’ मी त्यांच्या पाठीला डोकं टेकवायचो. घामाचा, तंबाखूचा आणि ओल्या पानांचा वास.

तोच वास गाडीतही असायचा. सावदा स्टेशनावर वॅगन लागायच्या, दिल्लीकडे जाणाऱ्या. माल रात्रीच भरायचा. बैलगाडीत घडांवर पानं अंथरून मला निजवायचे आणि आप्पा गाडी हाकता हाकता हरिपाठ म्हणायचे. त्यांचा हरिपाठ म्हणजे कामाचं मापही होतं. बागेत केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं काढताना, झाडांच्या दोन ओळी संपेस्तोवर एक हरिपाठ. घरात घड्याळ होतं, पण ते बंद पडून देव्हाऱ्यात बसलेलं, तिथे त्याला रोज फूल मिळायचं.

एवढं असून आप्पा पायी पंढरपूरला कधी गेले नाहीत.

कारण मृगबाग, म्हणजे मृगाच्या पावसावर लावायची केळी. मुक्ताईची पालखी निघते ज्येष्ठात, महिनाभराची चाल. आणि इकडे पाऊस पडला की कंद लावायची घाई. खड्डे आ वासून पडलेत आणि धनी टाळ घेऊन निघालाय, हे जमायचं कसं? तरी दरवर्षी पालखी निघायच्या दिवशी आप्पा मुक्ताईनगरला जायचे, दुपारपर्यंत पालखीसोबत चालायचे आणि एसटीने परत यायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बागेत. पारावरची मंडळी त्यांना ‘अर्ध्या दिवसाचे वारकरी’ म्हणायची. आप्पा हसायचे. कधी हसायचे नाहीत.

त्या अर्ध्या दिवसासाठी ट्रंकेत एक जोड असायचा. धोतर, सदरा, टोपी, सगळं पांढरंशुभ्र, डांबराच्या गोळ्यांत ठेवलेलं. तो घालून बागेकडे बघायचंसुद्धा नाही, असा आजीचा दंडक. एका वर्षी स्टॅंडकडे जाताना रस्त्यात कुणाचा तरी ट्रक भरत होता. माणसं कमी. आप्पांच्याने राहवलं नाही. दोन-चार घड दिले असतील नेऊन. संध्याकाळी ते परतले तर सदऱ्याच्या खांद्यावर तापी-पूर्णा.

आजी म्हणाली, ‘हेच दाखवलं का देवाले?’

‘त्याले काय,’ आप्पा म्हणाले, ‘तो बी काळाच हाये.’

पुढे ठिबक आलं, टिश्यूकल्चरची रोपं आली, मजूर लावून भागू लागलं. तोवर आप्पांचे गुडघे गेले होते. दहाव्याला महाराजांनी कीर्तनात सांगितलं, की संसाराने या भक्ताचे पाय बांधले होते. बाया रडल्या. मीही डोळे पुसले. पण खरं सांगू? मला वाटतं, त्यांना जायचंच नव्हतं. दुसऱ्याने बुजवलेला खड्डा त्यांना पसंत पडायचा नाही, उकरून पुन्हा लावायचे. महिनाभर कंद कुणाच्या हाती द्यायचे, तर साक्षात विठ्ठलाच्याही दिले नसते. हे घरात बोलायची सोय नाही.

शेवटचे आठ दिवस ते दवाखान्यात होते. एक नवी नर्स, विशीची पोरगी, स्पिरिटच्या बोळ्याने त्यांची बोटं घासत बसायची. नखांच्या कडा काळ्या, तळव्याच्या रेघा काळ्या. आप्पांनी हात ओढून घेतला नाही. तिचं पुसून झालं तेव्हा हळूच म्हणाले, ‘माय, राहू दे. तो मळ नाही.’

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा घासायला आली. तेव्हा आप्पा बोलत नव्हते. मीच तिच्याकडून बोळा मागून घेतला, आणि मग त्याचं काय करायचं ते न कळून खिशात ठेवला.

शर्ट अजून बादलीतच आहे. बायकोने त्याला फडक्यांत काढायचं ठरवलंय. वेफर्स मऊ पडले. मुक्ताईची पालखीही टीव्हीवर दिसली नाही, नेमक्या तेव्हाच जाहिराती लागल्या. डागांच्याच.