वहीतली कोरी पानं

"मॅडम, मी खोटं बोलत नाहीये." खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी वही टेबलावर ठेवली. वजन चार महिन्यांत दोनशे ग्रॅमनेही हललं नव्हतं, आणि दिवसाला १२०० कॅलरीचा आहाराचा तक्ता मीच लिहून दिला होता.

खरं सांगायचं तर संशय मला आलाच होता. लोक खाल्लेलं कमी लिहितात, हे आम्हा आहारतज्ज्ञांना पहिल्याच वर्षी शिकवतात. मुद्दाम नव्हे, घास विसरतात, वाटी लहान धरतात. त्यामुळे मी वही चाळायला घेतली ती चूक शोधायलाच.

नोंदी चोख होत्या. वेळ, माप, सगळं. दर पानाच्या खाली 'पाळलं' अशी बारीक खूण. थोडी पानं उलटल्यावर एक कोरं पान आलं. मग अजून एक. आठवड्यात दोन तरी.

"हे काय?"

"त्या दिवशी मोडलं होतं. मग काय लिहायचं?"

मोडलं म्हणजे काय, तर चार वाजता कुणीतरी पुढे केलेली दोन बिस्किटं. तिथून रात्रीपर्यंत सगळंच. दिवस गेलाच आहे, उद्यापासून पुन्हा कडक.

मला १९७५ चा हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग आठवला. विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला, मग 'चव सांगा' म्हणून आइस्क्रीम पुढे ठेवलं. एरवी खाण्यावर ताबा न ठेवणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. सतत ताबा ठेवणाऱ्यांनी मात्र जास्त. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, गुणही मिळवले होते. समोरच्या वहीत ते ओळखायला मला चार महिने लागले.

मी कागद ओढला. पाच दिवस १२००, दोन दिवस समजा ३५००. बेरीज १३ हजार, दिवसाला साधारण १८५७. त्यांचं वय, उंची, वजन पाहता शरीराचा कॅलरींचा खर्चही जवळपास तेवढाच. म्हणजे त्या खऱ्या होत्या आणि वजनकाटाही खरा होता.

त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. "म्हणजे मी आठवड्यातले पाच दिवस उगाच उपाशी राहिले?"

याला चटकन उत्तर देता आलं नाही. 'उगाच' म्हणणं बरोबर नव्हतं, आणि 'नाही' म्हणणं तर त्याहून खोटं. सगळा ताबा वाईट, असंही नाही. अभ्यासक ताठर आणि लवचिक असे दोन प्रकार मानतात: पहिल्यात एक बिस्किट म्हणजे नियमभंग, दुसऱ्यात एक बिस्किट म्हणजे एक बिस्किट. मी दिलेला तक्ता पहिल्या प्रकारचा होता. एवढं मात्र मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

तक्ता फाडला. १६०० चा सैल आराखडा केला आणि अट एकच घातली, की कोरं पान सोडायचं नाही. खुणाही बंद.

तीन आठवड्यांनी त्या आल्या. काटा जेमतेम चारशे ग्रॅम खाली. पाण्याच्या चढउतारातही तेवढा फरक पडतो, त्यामुळे मी हुरळले नाही. वही उघडली. एका शनिवारचं पान दोन्ही बाजूंनी भरलेलं, शेवटी शेवटी अक्षर वेडंवाकडं.

"हे लिहिताना लाज वाटली," त्या म्हणाल्या. रविवारच्या पानावर सकाळचा नाश्ता होता, नेहमीच्या वेळेला.