तुम्ही विचारलंत म्हणून: असले भयाण पत्ते घरात कशाला?

माझा टॅरोचा, म्हणजे चित्रांवरून अर्थ लावायच्या पत्त्यांचा, संच एकदा पाहिलेला माणूस पुन्हा भेटला की हमखास विचारतो, "मॅडम, असली भयाण चित्रं घरात कशाला ठेवता? भीती नाही वाटत?" परवा नागपुरातल्या महाल भागातल्या एका काकूंनीही तेच विचारले, तेव्हा एकदाचे सविस्तर उत्तर लिहायचे ठरवले.

पत्ते नेहमीप्रमाणे 78 आहेत, 22 'मोठे' म्हणजे मुख्य आणि 56 'छोटे' म्हणजे दुय्यम; चित्रे मात्र काळ्या शाईतली, अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नात दिसावे तशा विचित्र धाटणीची आहेत. एका राणीच्या चेहऱ्याच्या जागी उघडा ड्रॉवर आहे आणि मृत्यूच्या पत्त्यावर सांगाड्याऐवजी स्वतःभोवती कोष विणणारा रेशमाचा किडा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांना खांद्यावर बसवून मिरवणुकीतला काळ्या मारबतीचा भलामोठा पुतळा दाखवायला नेणाऱ्या, "ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत" अशी आरोळी ठोकणाऱ्या नागपूरकरांनी या किड्याला घाबरावे, याचे मला थोडे हसू येते.

मी शिकले ती गूढविद्येचे लेखक आर्थर वेट यांच्या सूचनांनुसार चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांनी रंगवलेल्या, 1909 साली लंडनमध्ये निघालेल्या संचावर. त्यात छोट्या पत्त्यांवरही प्रसंग रंगवलेले असल्यामुळे शिकणाऱ्याला तो फार सोयीचा पडतो. पण काही वर्षांनी माझे असे झाले, की पत्ता उलटताक्षणीच अर्थ तोंडावर यायचा आणि चित्राकडे डोळे जायचेच नाहीत. पाढे म्हणावेत तसे मी पत्ते वाचत होते. अनोळखी, अस्वस्थ करणारी चित्रे मी मुद्दाम घेतली ती यासाठी. अतिवास्तववाद्यांना स्वतःलाही पत्त्यांचे हे आकर्षण होते: 1940-41 मध्ये, नाझींच्या कचाट्यातून सुटून फ्रान्सबाहेर पडण्याची वाट पाहत मार्सेयमध्ये अडकलेल्या, या पंथाचे प्रणेते कवी आंद्रे ब्रेतों आणि त्यांच्या मित्रांनी खेळाचे पत्तेच नव्याने चितारले आणि बदाम-किलवरच्या जागी प्रेम, स्वप्न, क्रांती व ज्ञान ही चिन्हे आणली.

आठ तलवारींचा पत्ता घ्या. वेट यांच्या संचात डोळे बांधलेली, जखडलेली बाई तलवारींच्या मधोमध उभी आहे. माझ्या संचात त्या तलवारी तिच्याच केसांतून मुळांसारख्या फुटून जमिनीत उतरल्या आहेत. वडिलांचे घर विकावे की नाही, यावर तीन वर्षे अडून बसलेल्या माझ्या एका मैत्रिणीसमोर हा पत्ता आला. पत्त्यांत भविष्य दिसते असे मी मानत नाही, हे तिला ठाऊक होते. बराच वेळ ती बोलली नाही. चहावर साय धरली. मग तिने विचारले, "या मुळांना पाणी कोण घालतं गं?" मी काहीच सांगितले नाही. शिकवलेल्या अर्थात हा प्रश्न कुठेच नव्हता.

राहिला भीतीचा प्रश्न. वाटते, पण ती पत्त्यांची नव्हे. आई दवाखान्यात होती त्या रात्री मी पत्ते पिसले आणि चंद्राचा पत्ता निघाला. त्यावरचे पाणी मला तासभर आईच्या छातीत भरलेले दिसत राहिले. आई आठवड्याने घरी आली. तेव्हापासून घरात कोणी आजारी असले की संच कपाटात जातो, आणि काकूंच्या घरी सध्या काकांना बरे नाही, म्हणून त्यांना मी पोळा झाल्यावर या असे सांगितले आहे.