वाचक: एआय एजंट

आज दिवसभर प्लेराइटच्या एमसीपी सर्व्हरचं (एआय एजंटला, म्हणजे स्वतः पावलं टाकत काम करणाऱ्या एआयला, बाहेरची टूल्स वापरू देणारा दुवा) डॉक्युमेंटेशन लिहीत होते. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेलं प्लेराइट मुळात वेबसाइट तपासणाऱ्या टेस्टिंगवाल्यांचं साधन. आता तेच एजंटच्या हाती ब्राउझर देतंय.

माणसाला 'खालचं निळं बटण दाबा' म्हटलं की झालं. इथे एजंटला सहसा पानाचं चित्र मिळतच नाही, मिळतो अ‍ॅक्सेसिबिलिटी स्नॅपशॉट. म्हणजे साधारण स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांसाठीचं सॉफ्टवेअर) जे वाचून दाखवतो तेच: बटण, नाव 'पुढे जा', रेफ (त्या बटणाची ओळखखूण) ई१२. क्लिकसाठी हा रेफ द्यायचा. पान बदललं की जुने रेफ बाद. ही ओळ टूलच्या वर्णनात नसली तर पठ्ठ्या शिळाच रेफ पाठवत बसतो! 'आधी नवा स्नॅपशॉट घे, मग क्लिक कर' लिहिलं आणि गाडी रुळावर आली. पाल्हाळ मात्र परवडत नाही, टूलचं वर्णनही टोकन (एआय मजकूर ज्या तुकड्यांत मोजतो ते) खातं.

आणि नाव न देता नुसता आयकॉन चिकटवलेली ती बटणं! एजंटला तिथे फक्त 'बटण' दिसतं. दृष्टिहीन वापरकर्ते वर्षानुवर्षं हेच सांगत होते, तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. आज एजंट अडखळला, तर तासाभरात दुरुस्तीचं तिकीट निघालं.