कुठलं औषध घातलंत?

शिवणाच्या मशीनवर बसले की समोरच्या खुर्चीवर कुणीतरी येऊन टेकतं. ब्लाउजचं माप हे निमित्त. जरा वेळानं आवाज खाली येतो, "तुमच्या मालकांची दारू कशी सुटली ओ ताई? कुठलं औषध घातलंत?" इतक्या जणींनी विचारलंत, म्हणून एकदा सगळं सांगते.

औषध मी घातलं होतं, ते आधी सांगते. "नकळत द्या, पंधरा दिवसांत बंद" असं ऐकून एका माणसाकडून पुडी आणली आणि तीन दिवस आमटीत कालवली. चौथ्या दिवशी हे कारखान्यातून नेहमीसारखे पिऊन आले आणि उंबऱ्यातच बसले. तोंड, मान, डोळे लालबुंद. उलटी थांबेना. माझा हात ओढून छातीवर ठेवला आणि म्हणाले, "बघ कसं उडतंय." हाताखाली ते उडणं मला कळत होतं, कशानं तेही माहीत होतं, आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. दवाखान्याच्या दारात रिक्षा थांबली तेव्हा डॉक्टरांना सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, पुडीत बहुतेक डायसल्फिराम असणार. दारू पचताना शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विष तयार होतं. एरवी शरीर ते मोडून टाकतं. हे औषध ते मोडू देत नाही, त्यामुळे ते साठत जातं आणि रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर माणूस जातो. औषध खोटं नाही, पण ते पिणाऱ्याला सांगून, त्याच्या मर्जीनं आणि डॉक्टरांच्या नजरेखाली द्यायचं असतं. गोळी थांबवल्यावरही त्याचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. हात जोडते, आमटीत काही कालवू नका.

त्याच्या आदल्या आषाढीला ह्यांनी पंढरपुरात माळ घातली होती. मनापासून घातली होती. दुसऱ्या दिवशी पाण्याचा तांब्या हातात धरवेना. तिसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्या चालल्यात म्हणत अंगावरच्या चादरीनं भिंत पुसत राहिले. भिंतीवर काही नव्हतं. सासूबाईंनी अंगारा लावला. पहाटे कुठून तरी पिऊन आले तेव्हा हात थांबले, आणि माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली. "देवाच्या शब्दालासुद्धा जागला नाहीत," असं मी म्हणाले. ते मला अजून टोचतं. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवली की दोन-तीन दिवसांत भास होतात, फिट येते, जीवही जाऊ शकतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून सोडायचे पहिले दिवस डॉक्टरांकडे काढायचे. तिथं गोळ्या मोजून देतात, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. माणूस शब्दाला कच्चा होता असं नाही, त्याचं शरीर आजारी होतं.

मग सुटली कशी? आधी उपचार माझ्यावर झाले.

पुडीच्या प्रकारानंतर माझी झोपच गेली. पीस शिवता शिवता हात थांबायचा, गुंडी कुठं लावायची ते सुचायचं नाही. एका रात्री गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे उभं राहून १४४१६ लावला. टेली-मानस. मनाच्या त्रासासाठीची ही सरकारी फोन सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी म्हटलं, आमचे मालक पितात. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला शेवटची सलग झोप कधी लागली?" ह्यांच्याबद्दल सांगायला माझ्याकडे तासभर होतं, ह्या एका प्रश्नाला उत्तर नव्हतं. मी नुसती रडले. त्या थांबल्या, फोन ठेवला नाही.

त्यांनीच सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात जायला सांगितलं. गेले. नैराश्य निघालं. गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, नाहीतर आठव्या दिवशी मी त्या फेकल्या असत्या. गल्लीत "वेड्यांच्या डॉक्टरकडे जाते" झालं. होऊ दे.

तिथल्या समुपदेशकांनी एए ची, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस ह्या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची, ओपन मीटिंग सुचवली. तिथं घरच्यांनाही बसता येतं. शाळेची खोली, लहान बाक, गुडघे वर येतात. माणसं उठून नुसतं नाव सांगतात, आडनाव नाही, आणि "मी दारुडा आहे" म्हणून आपली गोष्ट सांगतात. कुणी उपदेश करत नाही, फी नाही. हे अमेरिकेत १९३५ साली सुरू झालं. एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही पिणारे. एकमेकांशी बोललं की आजचा दिवस निभतो, हे त्यांना कळलं. पुढं १९५१ मध्ये घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन निघालं. त्यातली गोष्ट एका बाईंनी मला सांगितली: दारू तू लावली नाहीस, ती तुझ्या ताब्यात नाही, आणि बरी करणारी तू नाहीस. मी अकरा वर्षं तिन्ही ओझी वाहत होते.

त्यानंतर मी दोन गोष्टी बंद केल्या. कारखान्याच्या मालकाला "त्यांना ताप आलाय" म्हणून फोन करणं आणि गुत्त्यावरची उधारी फेडणं. भांडण नाही, रडणं नाही. चार महिन्यांनी हे स्वतःच म्हणाले, "कुठं जातीस ते मला दाखव." मग डॉक्टर, दहा दिवस भरती, मग मीटिंग. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत एकदा स्लिप झाली, म्हणजे परत प्यायले. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन खोलीत सांगून आले. आता दोन वर्षं होऊन गेली. माळ अजून देव्हाऱ्यातच आहे. मी विचारत नाही.

सगळ्यांच्या घरी असंच होईल असं मी म्हणणार नाही. आणि घरात हात उचलला जात असेल तर मीटिंगच्या आधी स्वतःला आणि पोरांना सुखरूप ठिकाणी न्या. महिलांसाठी १८१ हा मदतीचा नंबर आहे.

पुढची ओपन मीटिंग शनिवारी आहे. एकटीला जायला अवघड वाटत असेल तर साडेसहाला कन्ना चौकात थांबा. मी मशीन झाकून येते.