बासरीला शिट्टी समजणारं यंत्र

साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गमध्ये मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे श्रवणतज्ज्ञ. हे एकेकाळी कापडगिरण्यांचं गाव. माझ्याकडे येणाऱ्या सत्तरीपुढच्या गिरणी कामगारांचे ऑडिओग्राम, म्हणजे कोणता सूर किती ऐकू येतो ते दाखवणारे आलेख, पुष्कळदा सारखेच दिसतात. खालच्या स्वरांपर्यंत रेघ बरी असते आणि ४००० हर्ट्झच्या आसपास एकदम खड्डा पडतो. तो मागांनी पाडलेला. विणकाम खात्यातला आवाज शंभर डेसिबलच्या घरात असायचा, आणि कानात बोळे घालायची सक्ती फार उशिरा आली. मला हा खड्डा शिकवावा लागला नाही. सोलापूरच्या गिरणीत माझ्या आप्पांची सगळी उमेद गेली. आम्ही पोरं त्यांच्याशी बोलताना आपोआप तोंड त्यांच्याकडे करायचो.

त्या दिवशी आलेल्या आजोबांचं नाव सांगणार नाही. मागांची दुरुस्ती करण्यात त्यांची तीस वर्षं गेलेली. मी त्यांना श्रवणयंत्रं बसवून दिल्याला तीन आठवडे झाले होते. ते आले, दोन्ही यंत्रं काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मॅम, बोलणं उत्तम ऐकू येतंय. चर्चमध्येही सगळं कळतं. पण या यंत्रांनी जेरीच्या फ्लूटचा सत्यानाश केलाय."

जेरी कोण, मला ठाऊक नव्हतं. त्यांनी फोनवर गाणं लावलं. मार्शल टकर बँडचं 'कान्ट यू सी', १९७३ च्या पहिल्या अल्बममधलं. सुरुवातीला गिटार, मग फ्लूट. लांब सूर आला की यंत्रातून तो थरथरत होता आणि मागे भलतीच एक किणकिण उमटत होती. यंत्र बोलण्यासाठी तयार केलेलं असतं. त्याचाच आवाज कानातून निसटून पुन्हा माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते, म्हणून शिट्टीसारखा सलग, स्वच्छ सूर दिसला की तो मारून टाकायचं हे त्याला शिकवलेलं. फ्लूट म्हणजे नेमका तसाच सूर. यंत्राला वाटत होतं, आपणच शिट्टी वाजवतोय.

मी यंत्रं संगणकाला जोडली आणि संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम करायला घेतला. शिट्टी रोखणारी सोय जवळजवळ बंद केली, गोंगाट कमी करणारी तर पूर्णच. मोठा आवाज दाबण्याचं प्रमाण उतरवलं. हे करताना हात सावध ठेवावा लागतो, कारण असे कान एका मर्यादेपर्यंत काहीच ऐकत नाहीत आणि त्यापुढे लगेच दुखतात. आप्पांनी भजनाला जाणं यामुळेच सोडलं. टाळ सहन होईनात. आम्हाला तेव्हा वाटलं होतं, त्यांचं मन उडालं.

मी काम करत होते तोवर आजोबा बोलत होते. बँडमधली ती सगळी याच गावची पोरं, आजोबांच्याच वयाची. टॉय आणि टॉमी हे कॉल्डवेल बंधू. एक गिटार, एक बेस. टॉय अमेरिकेच्या मरीन सैन्यदलात गेला आणि १९६८ मध्ये व्हिएतनाममध्ये जखमी झाला. परत आला, पुन्हा गिटार धरली. पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, न घेता नुसत्या अंगठ्यानं वाजवायचा. "त्यानं सूर गोल होतो," आजोबांनी हवेत अंगठा फिरवून दाखवला. गाणारा डग ग्रेही सैन्यात जाऊन आलेला. ड्रमवाला पॉल रिडल अगदी पोरसवदा, त्याचा जीव जॅझमध्ये. आणि जेरी युबँक्स सॅक्सोफोन नि फ्लूट घेऊन या कंट्री-रॉकवाल्यांत, म्हणजे अमेरिकन ग्रामीण गाण्यांना रॉकची जोड देणाऱ्यांत, सामील. युद्धावरून आलेले तरुण आणि जॅझवेडं पोर एका खोलीत बसले म्हणून हा आवाज जन्मला, असं त्यांचं ठाम मत. मलाही ते पटतं; नुसत्या कंट्री वाजवणाऱ्यांना त्या जागी फ्लूट सुचली नसती.

आणि मार्शल टकर त्यांच्यात कुणीच नव्हता! सरावाच्या खोलीच्या किल्लीवर ते नाव होतं, तेच त्यांनी उचललं. खरा मार्शल टकर म्हणजे पियानो सुरात लावणारा अंध कारागीर. २०२३ मध्ये नव्व्याण्णवाव्या वर्षी गेला. हे ऐकून माझा हात माऊसवर थांबला. आयुष्यभर फक्त कानावर विसंबून सूर जुळवणाऱ्या माणसाचं नाव घेऊन हा बँड गावोगाव फिरला, आणि त्यांच्या गावातल्या माणसाच्या कानातून त्यांचाच एक सूर हरवला होता.

टॉमी १९८० मध्ये मोटार अपघातात गेला, टॉय १९९३ मध्ये. इतकं सांगून आजोबा गप्प झाले.

मी यंत्रं पुन्हा कानात बसवली. गाणं पहिल्यापासून लावलं. फ्लूट आली, सूर सरळ राहिला. त्यांनी बोट वर केलं. "थांबा. हे काय आहे?"

मी मागे नेऊन तोच तुकडा पुन्हा वाजवला. सुराच्या कडेला फुंकरीची खरखर होती. ती बारीक, उंच असते. नेमकी त्या खड्ड्यातली.

"तो फुंकतोय," ते म्हणाले. "श्वास ऐकू येतोय मला त्याचा." आणि त्यांनी चष्मा काढला.

गाणं सहा मिनिटांचं आहे. आम्ही ते तीनदा ऐकलं. पुढच्या पेशंटला मी बाहेर जाऊन थोडं थांबायची विनंती केली.

जाताना कोणतं बटण किती वेळ दाबायचं ते दाखवलं. फोनवरच्या यादीत प्रोग्रॅमला नाव देता येतं. मी 'म्युझिक' लिहिलं होतं. त्यांनी ते खोडायला लावलं आणि तिथं 'जेरी' लिहवून घेतलं.