माझ्या नावावरचा चौथा नंबर

३ डिसेंबर २०२५, बुधवार. डोंबिवलीहून मुंबईकडे जाणाऱ्या आमच्या रोजच्या लोकलच्या महिला डब्यात त्या सकाळी एकच विषय चालू होता. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबरला मोबाइल बनवणाऱ्या कंपन्यांना आदेश दिला होता की, ९० दिवसांच्या आत प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' हे चोरीचे फोन आणि मोबाइलवरची फसवणूक रोखण्यासाठीचे सरकारी अ‍ॅप आधीच बसवलेले असावे, त्याचे काम बंद पाडता येऊ नये, आणि जे फोन आधीच विक्रीसाठी बाहेर पडले आहेत त्यांतही ते अपडेटमधून घालण्याचा प्रयत्न व्हावा. विरोधी पक्ष याला हेरगिरी म्हणत होते आणि केंद्रीय मंत्री ज्योतिरादित्य शिंदे हे अ‍ॅप नको असल्यास काढून टाकता येईल असे सांगत होते. आदेशातील शब्द आणि मंत्र्यांचे बोलणे यांचा मेळ आमच्यापैकी कोणालाच लागत नव्हता.

निवृत्तीला आलेल्या एक काकू म्हणाल्या, "आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? चोर पकडले जाणार असतील तर टाकू देत की अ‍ॅप." बदलापूरहून येणाऱ्या मैत्रिणीच्या बोटावर आदल्या दिवशीच्या नगरपरिषदेच्या मतदानाची शाई होती. ती म्हणाली, "काकू, मतदार यादीत माझा मोबाइल नंबर नाही. मग गेले दहा दिवस उमेदवाराचा रेकॉर्ड केलेला फोन मला रोज कसा येतो? माझा नंबर त्यांना दिला कोणी?" यावर कोणाकडेच उत्तर नव्हते.

मी सक्तीच्या विरोधात बोलले आणि आजही माझे तेच मत आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारच्या विरोधात केलेल्या याचिकेतून २४ ऑगस्ट २०१७ चा निकाल आला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही नाही, त्याचाही तो हक्क आहे. आपण घराच्या खिडकीला पडदा लावतो तो आत काही गुन्हा चालला आहे म्हणून नव्हे, हे मी काकूंना सांगितले आणि त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. संध्याकाळी परत येताना बातमी आली की सरकारने सक्ती मागे घेतली आहे. अ‍ॅप आपणहून घेणाऱ्यांची संख्या १ कोटी ४० लाखांवर गेल्याचे कारण त्यात दिले होते.

त्याच चर्चेत एकीने सांगितले की आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हे पाहण्याची सोय अ‍ॅपशिवायही आहे. 'संचार साथी'चे संकेतस्थळ मे २०२३ पासून चालू आहे. अ‍ॅप कॉल, मेसेज आणि कॅमेरा यांची परवानगी मागते. संकेतस्थळाला आपला नंबर आणि त्यावर आलेला ओटीपी पुरतो. रात्री जेवणे आटोपल्यावर मी तो भरला आणि यादी उघडली. तीत चार नंबर होते, काही आकडे झाकलेले. पहिला माझा, दुसरा सासूबाईंसाठी मी माझ्या नावावर घेतलेला, तिसरा बँकेला जोडलेला जुना नंबर. चौथ्याचे शेवटचे आकडे मी तीन वेळा वाचले, यजमानांना दाखवले, जुन्या डायऱ्या काढून पाहिल्या. तो आमच्यापैकी कोणाचाच नव्हता.

प्रत्येक नंबरापुढे तीन पर्याय असतात: हा नंबर माझा नाही, माझा आहे पण आता नको, आणि हवा आहे. पहिल्या दोहोंतला फरक नीट समजून घ्यावा असे मी प्रत्येकीला सांगते, कारण "नको" असे कळवले की तो नंबर आपण आपला म्हणून मान्य करतो. मी "माझा नाही" हा पर्याय निवडला, संदर्भ क्रमांक आला, तो वहीत उतरवून घेतला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. एका माणसाच्या नावावर नऊ सिमकार्डे असू शकतात, त्यामुळे चौथ्या नंबराने कोणत्याही यंत्रणेचे लक्ष वेधले जाणार नव्हते. त्या नंबरावरून कोणाला फसवले गेले असेल, धमकावले गेले असेल, तर पोलिसांच्या कागदावर नाव माझे येणार होते.

आठवड्याने संबंधित कंपनीकडून फोन आला आणि मला कागदपत्रांसह त्यांच्या गॅलरीत बोलावले. काउंटरवरच्या मुलाने पहिलीच मागणी केली ती आधारकार्डाच्या झेरॉक्सची. ज्या कागदामुळे हे घडले असण्याची शक्यता होती, तोच कागद मी पुन्हा सोडून यायचा होता. मी आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत घरूनच डाउनलोड करून नेली होती. "हे चालत नाही, मॅडम," तो म्हणाला. मी सांगितले की ही प्रत आधार प्राधिकरणाच्याच संकेतस्थळावरून मिळते आणि ती घेणार नसाल तर तसे लेखी द्या. तो आत जाऊन व्यवस्थापकांना विचारून आला आणि प्रत घेतली. त्यावर मी आडवी रेघ मारून तारीख, कारण आणि 'अन्य कोणत्याही कामासाठी वापरू नये' असे लिहिले.

मग मी मूळ अर्ज दाखवण्याचा आग्रह धरला. पाऊण तास बसल्यानंतर व्यवस्थापकांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. फोटो माझाच होता, पासपोर्ट आकाराच्या फोटोवरून काढलेला. खाली सही इंग्रजीत होती. मी कॉलेजपासून सही मराठीतच करते, पूर्ण आडनावासह, आणि तिच्या शेवटी कधीही टिंब देत नाही. इथे टिंब होते. जोडलेल्या आधारच्या झेरॉक्सवर पत्ता कल्याणचा होता, जिथून आम्ही २०१६ साली निघालो. त्यावरून एवढे नक्की झाले की ती प्रत त्याआधी माझ्या हातून गेलेली आहे. त्या काळात मी ती भाडेकरारासाठी दिली, गॅसच्या जोडणीसाठी दिली, मुलीच्या प्रवेशासाठी दिली, दोनदा सिमसाठी दिली, आणि झेरॉक्सच्या दुकानात एखादी काळपट आलेली प्रत तिथेच टाकूनही आले असेन. यांपैकी कोणावर बोट ठेवावे याचा पुरावा माझ्याकडे नाही, आणि पुराव्याशिवाय मी कोणावर आरोप करणार नाही. कागदावर सिम देण्याची पद्धत जानेवारी २०२४ पासून बंद झाली आहे, परंतु त्याआधी वाटले गेलेले कागद अजून कोणाच्या ना कोणाच्या कपाटात आहेत.

सही माझी नसल्याचा लेखी अर्ज मी तिथेच दिला. त्याची एक प्रत घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी आधी "पैसे गेले का?" असे विचारले आणि गेले नाहीत म्हटल्यावर तक्रार कशाची, असा त्यांना प्रश्न पडला. मी शांतपणे सांगितले की नाव गेले आहे. त्यांनी अर्ज घेतला आणि शिक्क्यासह पोच दिली. घरी आल्यावर आधारचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद कुलूपबंद करून ठेवली. ते काम दहा मिनिटांचे आहे.

नाताळाच्या आदल्या दिवशी यादी पुन्हा उघडली तेव्हा तीनच नंबर उरले होते. दुसऱ्या आठवड्यात काकूंनी लोकलमध्ये स्वतःहून फोन माझ्या हातात दिला आणि त्यांची यादी उघडायला सांगितली. त्यांचे दोन्ही नंबर त्यांचेच निघाले. अ‍ॅपबद्दल त्यांचे मत बदललेले नाही आणि सक्तीबद्दल माझेही नाही. सरकारने दिलेली सोय मी वापरली, म्हणून तीच सोय माझ्या फोनमध्ये न विचारता घालण्याचा अधिकार सरकारला मिळत नाही, असे मी त्यांना पुन्हा सांगितले.

तो नंबर कोण वापरत होते आणि कशासाठी, हे मला अजून कोणी कळवलेले नाही. पोलीस ठाण्यातल्या अर्जाची पोच पर्समध्ये आहे. सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून मी पुन्हा विचारायला जाणार आहे.