सबटायटलची नोंद : ‘राटलोस’ची गाठ सुटली

अलेक्झांडर क्लूगे यांच्या एका जर्मन चित्रपटाची मराठी सबटायटले मी करतो आहे. मागील नोंदीत त्याच्या शीर्षकातील ज्या एका शब्दापाशी काम अडले होते, तो मंगळवारी रात्री सुटला. मात्र त्यामुळेच पूर्ण झाला असे मी मानलेला मोठा भाग पुन्हा हाती घ्यावा लागणार आहे.

१९६८ च्या या चित्रपटाचे मूळ नाव ‘डी आर्टिस्टेन इन डेअर त्सिर्कुसकुप्पेल : राटलोस’ असे आहे. ‘राट’ म्हणजे सल्ला, मसलत. ‘लोस’ म्हणजे त्याविना. प्रथम मी ‘गोंधळलेले’ लिहिले होते, पण हानेलोरे होगर यांनी साकारलेली लेनी पाइकर्ट गोंधळलेली मुळीच नाही. वडील सर्कशीतल्या झुल्यावरून पडून वारल्यानंतर तिला सर्कशीचे रूपच बदलायचे आहे, मैत्रिणीच्या वारशाने पैसाही हाती येतो, आणि तरीही ती सर्कस मोडून दूरचित्रवाणीकडे वळते. ‘हतबुद्ध’ या शब्दात जो आघात आहे, तो येथे नाही. ‘किंकर्तव्यमूढ’ अर्थाने सर्वांत जवळचा, परंतु पडद्यावर जड. शिवाय सहा अक्षरांचा हा शब्द माझे सबटायटलचे साधन १३ चिन्हांचा धरते, कारण मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ते वेगळे मोजते. ओळीची ४२ चिन्हांची प्रचलित मर्यादा देवनागरीसाठी नव्याने ठरवावी, हे माझे मत त्यामुळे अधिकच पक्के झाले.

शीर्षक बाजूला ठेवून निवेदनाची एक ओळ घासत असताना हातून सहज ‘तिला काही सुचेना’ असे लिहिले गेले, आणि मी तेथेच थांबलो. मराठीत माणूस विचार ‘करतो’, पण त्याला ‘सुचते’ ते आपणहून. ते आले नाही तर हुशारी, पैसा आणि जिद्द असूनही तो तसाच थांबून राहतो. लेनीची स्थिती नेमकी हीच आहे. अपूर्णविरामानंतर एकटा ‘सुचेना’ ठेवला, तेव्हा तीन आठवड्यांत प्रथमच ते शीर्षक मला मराठी वाटले.

पूर्वार्धही त्याच ओघात बदलला. जर्मन ‘आर्टिस्ट’ म्हणजे सर्कशीत कसरत करणारा. चित्रकार वा कवी यांच्यासाठी त्या भाषेत ‘क्युन्स्टलर’ हा निराळा शब्द आहे. मी सर्वत्र ‘कलाकार’ लिहून ठेवले आहे, ही माझी चूक. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये सर्कस उभी केली तेव्हापासून मराठीला हा विषय परका नाही, म्हणून ‘कसरतपटू’ हाच शब्द योग्य. ही मंडळी तंबूखाली नसून वर, घुमटात आहेत, हेही राखले पाहिजे. तूर्त ठरलेले नाव : ‘सर्कशीच्या घुमटात कसरतपटू : सुचेना’.

सबटायटलच्या ओळी संवादांच्या मागेपुढे सरकत होत्या, त्याचे कारणही सापडले. माझ्या वेळा सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) प्रतीवरून घेतलेल्या होत्या, तर जर्मन डीव्हीडी सेकंदाला २५ चौकटींनी चालते. त्यामुळे तासाभरात २ मिनिटे २४ सेकंदांचा फरक पडतो. ‘सबटायटल एडिट’ या संगणकीय साधनातील चौकटींचा वेग बदलण्याच्या सोयीने सर्व वेळा ०.९६ ने गुणून घेतल्या, आणि शेवटच्या ओळीपर्यंत जुळणी अचूक बसली. या कामासाठी याहून सोयीचे साधन मी वापरलेले नाही.

या आठवड्यात क्लूगे यांच्या लेनीवरच्या पुढच्या लघुपटाचे काम सुरू करणार होतो, पण हे लिहिताना जाणवते की आधी ‘कलाकार’ असलेली प्रत्येक ओळ संदर्भासह तपासली पाहिजे. सरसकट शब्दबदल केल्यास ‘क्युन्स्टलर’च्या जागीही कसरतपटू येतील. उद्या पहिल्या रिळापासून आरंभ करतो.